ड्रोनच्या रिमोटवरचा माणूस: त्याचं खरं काम कोणतं?

काटोल_पट्टा (धागाकर्ता) | १० जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. तीन वर्षांपासून ड्रोनने फवारणी करून देण्याचा व्यवसाय आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागात फिरतो. आधी सोयाबीन आणि पऱ्हाटी, मग तूर, अधूनमधून संत्र्याचे बगीचे. रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे, विमा आहे, सोबत एक मदतनीस पोरगा असतो.

या धंद्यात का आलो ते आधी सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. माझ्या ओळखीतले दोघं तेव्हा दहा-बारा दिवस खाटेवर होते. डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरायचं, फवारा तोंडावरच येणार. ड्रोन आला तेव्हा मला एवढंच दिसलं, की माणूस त्या विषापासून लांब उभा राहू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या नोव्हेंबरात एका गावी अकरा एकर तुरीवर फवारणी होती. तूर फुलोऱ्यात, छातीच्या वर गेलेली. टॅबवर वावराच्या कडा आखल्या, पट्टे ठरवले, ड्रोन उडाला. अशा वेळी ड्रोन आपापला जातो, वळतो, परत येतो. मी रिमोट हातात धरून बघत असतो. चौथा पट्टा चालू होता. तेवढ्यात माझा पोरगा म्हणाला, "दादा, धुऱ्यावर चप्पल आहे."

बांधावर बायकी चप्पल होती, जुनी. बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. बस, एवढंच. वावरात कोणी दिसत नव्हतं. आवाज नाही, तूर हलत नाही. टॅबवर काही नाही. मी ड्रोन जागेवर थांबवला, पंप बंद केला आणि परत बोलावला. मग आम्ही दोघांनी हाका मारल्या. पाच-सात मिनिटांनी तुरीतून एक आजी बाहेर आल्या, सोबत सहा-सात वर्षांची नात. बकरीसाठी गवत कापत होत्या. ड्रोनचा आवाज ऐकून घाबरल्या आणि नातीला पोटाशी धरून खाली बसून राहिल्या. आणखी तीन पट्टे झाले असते तर ड्रोन बरोबर त्यांच्या डोक्यावरून गेला असता.

वावराचे मालक माझ्यावर चिडले. गावात आदल्या दिवशी सांगितलं होतं, कोणी यायचं नाही म्हणून. वेळ गेला, दहा वाजता वारा सुटला, उरलेलं काम दुसऱ्या दिवशी गेलं. त्यांनी चारशे रुपये कापले. त्याचं काही नाही.

माझा भाचा इथे इंजिनीअरिंगला आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, दोन वर्षांत ड्रोनवर असा कॅमेरा येईल की तुरीखालचा माणूस त्याला अंगाच्या उष्णतेने दिसेल. मग तुम्ही तिथे कशाला उभे राहाल?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. दोन महिने झाले, मनातून जात नाही. त्यात ऑपरेशन सिंदूरपासून घरोघरी ड्रोनच्याच गप्पा. म्हणून विचारतो: शेतात असो की सीमेवर, ड्रोनच्या कामात माणसाचं खरं काम कोणतं? उडवणं, बघणं की थांबवणं?

---

तूरडाळ | १० जानेवारी, रात्री १०:०५

आधी सांगा, आजींना आणि नातीला काही त्रास झाला नाही ना? औषध कोणतं होतं?

---

काटोल_पट्टा | १० जानेवारी, रात्री १०:१२

नाही ताई, काही नाही. तीन पट्टे लांब होत्या आणि वारा उलट दिशेला होता. औषध शेंगा पोखरणाऱ्या अळीचं, इमामेक्टिन. तरी दोघींचे हातपाय धुवायला लावले, डोळ्यांवर पाणी मारायला लावलं आणि घरापर्यंत सोडून आलो.

---

निवृत्त_तोफची | १० जानेवारी, रात्री ११:३०

दादा, तुमच्या त्या मदतनीस मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. मी सैन्यात होतो, आता हजारीपहाडला राहतो. काही काळ टेहळणीच्या विमानांशी संबंध आला. आमच्याकडे ही यंत्रं आधी तोफखान्याकडेच होती, पुढे आर्मी एव्हिएशनकडे गेली. कामाच्या आतलं बोलणार नाही. जे जगजाहीर आहे तेवढंच लिहितो.

पहिलं म्हणजे "मानवरहित" हा शब्द फसवा आहे. रहित आहे ते फक्त विमान. खाली माणसांची रांग असते. अमेरिकेच्या प्रिडेटर आणि रीपर या लष्करी ड्रोनचंच बघा. एक पायलट विमान चालवतो, दुसरा कॅमेरा आणि लेझर सांभाळतो, तिसरा गुप्तवार्तेचा समन्वय बघतो. यांच्यामागे चित्रण पाहून अर्थ लावणारे वेगळे, दुरुस्तीवाले वेगळे, हवामानवाले वेगळे. आणि उड्डाणाला व उतरायला आणखी एक टोळी, प्रत्यक्ष धावपट्टीच्या जवळ.

ही शेवटची टोळी का लागते हे समजून घेण्यासारखं आहे. नेवाडातल्या क्रीच तळावर, लास वेगासच्या वायव्येला, माणूस खुर्चीत बसून अफगाणिस्तानातलं विमान चालवत असे. मधे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह. संदेश वर जायचा, खाली यायचा, त्यावर प्रक्रिया व्हायची, चित्र परत यायचं. सगळं धरून एक-दोन सेकंद जातात. आकाशात चालून जातं. पण उतरताना चाकं जमिनीला टेकण्याच्या क्षणी दोन सेकंद जुनं चित्र बघून दांडा हलवला तर विमान गेलं. म्हणून उतरवणारा माणूस तिथे हवा, थेट रेडिओवर. उपग्रहामार्गे आपोआप उतरण्याची सोय नंतरच्या काळात आली.

तुमच्या तीन शब्दांपैकी "उडवणं" हे पहिलं यंत्राकडे जातं. ते गेलंही आहे, आणि जाऊ द्यावं. "बघणं" अर्धं गेलंय. "थांबवणं" मात्र माणसाकडेच राहायला हवं.

---

शून्य_मैल | ११ जानेवारी, सकाळी ८:२०

मी विद्यार्थी आहे, मशीन लर्निंगच शिकतोय. धाग्यातला भाचा मी नव्हे, पण बाजू त्याची घेणार आहे.

माणूस थांबवतो असं आपण गृहीत का धरतो? ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या विन्सेन्स युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, फ्लाइट ६५५. २९० माणसं गेली. नौकेवरची एजिस ही रडार-संगणक यंत्रणा विमान वर चढतंय असं बरोबर नोंदवत होती. आतली माणसं मात्र एकमेकांना सांगत होती की ते आपल्याकडे खाली येतंय. यंत्र खरं होतं, माणसं तणावाखाली चुकली.

दुसरं उदाहरण ड्रोनचंच. २१ फेब्रुवारी २०१०, अफगाणिस्तानातला उरुझगान प्रांत. प्रिडेटरचं पथक तीन गाड्यांच्या ताफ्यावर तीन तासांहून जास्त वेळ नजर ठेवून होतं. मुलं दिसताहेत असं दूर फ्लोरिडातून चित्रण पाहणारे सांगत होते, पथकाला ते पटत नव्हतं. पथकाच्या माहितीवर हेलिकॉप्टरांनी हल्ला केला. अमेरिकी चौकशीने २३ पर्यंत नागरिक मेल्याचं म्हटलं आणि पथकाने दिलेली माहिती चुकीची व व्यावसायिकतेला न शोभणारी होती असा ठपका ठेवला. तिथे माणूस होता, वेळही होता. तरी कोणी थांबवलं नाही.

दादांनी थांबवलं याचा मला मनापासून आदर आहे. पण सगळे दादांसारखे नसतात. उष्णता ओळखणारा कॅमेरा मात्र रोज सारखाच असतो. तो दमत नाही आणि चारशे रुपये कापतील म्हणून घाबरत नाही.

---

तूरडाळ | ११ जानेवारी, सकाळी ९:०२

शून्य_मैल, तुमचं शेवटचं वाक्य वाचून अस्वस्थ झाले. खरं आहे ते.

---

निवृत्त_तोफची | ११ जानेवारी, दुपारी १२:४५

बेटा, उदाहरणं अगदी बरोबर दिलीस. मी आणखी एक जोडतो, उलट बाजूचं. २३ मार्च २००३, इराक युद्ध. अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने ब्रिटिशांचं टोर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. विमानातले दोघेही गेले, आपल्याच बाजूचे. तिथे माणूस कन्सोलवर बसलेला होता. पण यंत्राने पडद्यावर "क्षेपणास्त्र" लिहिलं आणि ठरवायला काही सेकंद दिले. त्या सेकंदांत माणूस विचार करत नाही, शिक्का मारतो. दहाच दिवसांनी, २ एप्रिलला, त्याच यंत्रणेने अमेरिकेच्या नौदलाचं एक विमान पाडलं.

विन्सेन्सवर माणूस चुकला, पॅट्रियटवर यंत्र चुकलं. दोन्हीकडे माणूस खुर्चीत होताच. तेव्हा खुर्चीत कोणी आहे की नाही एवढं बघून भागत नाही. त्याला किती वेळ मिळाला, त्याला काय दिसत होतं आणि "थांबा" म्हणायचा हक्क होता का, हे बघावं लागतं. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर तिथला माणूस केवळ सहीपुरता असतो.

उरुझगानमध्ये वेळ होता हे खरं. पण त्या पथकाला मनातून लढाईच हवी होती आणि त्यांना लढाईच दिसली. तसंच २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये झालं. एका पांढऱ्या गाडीवर दिवसभर ड्रोनची नजर होती. गाडीत चढवलेल्या वस्तू स्फोटकं मानल्या गेल्या. पाण्याचे डबे होते, हे पुढे बाहेर आलं. दहा नागरिक मेले, त्यांत सात मुलं. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने चूक कबूल केली.

दादांच्या पोराला धुऱ्यावर पाण्याची बाटली दिसली आणि कळलं की इथे कोणी बाई आहे. काबूलच्या पडद्यावर पाण्याचे डबे दिसले आणि वाटलं की बॉम्ब आहे. नजर दोन्हीकडे होतीच. तो मुलगा त्या मातीतला आहे. धुऱ्यावर चप्पल काढून बाई वावरात शिरते हे त्याला शिकवावं लागलं नाही.

---

सखी_हिंगणा | ११ जानेवारी, दुपारी ३:१५

मी ड्रोन दीदी हाव. आमच्या बचत गटाले ड्रोन भेटला, केंद्राची योजना हाय, १५,००० गटांसाठी. पंधरा दिवस ट्रेनिंग झालं, पाच दिवस उडवायचं न् दहा दिवस शेतीतल्या फवारणीचं. घरातलीच एक पोरगी सहायक म्हणून शिकली.

तोफची काका म्हणतात ते मले लय पटलं. मी फवारणीले गेली की पहिले वावराभोवती एक चक्कर मारतो. मालकाले विचारत नाही, बाजूच्या वावरातल्या बाईले विचारतो. मालक म्हणतो कोणी नाही. बाई सांगते, "अव, शांताबाई गेली ना आत शेंगा तोडाले." बायाईले बायाच मालूम असतात. कोणत्या नाल्यावर कोण कपडे धुते, मधमाश्यांच्या पेट्या कुठे ठेवल्या, विहिरीवर झाकण हाय का नाही, हे सारं विचारून घेतो. हे ट्रेनिंगच्या पुस्तकात नव्हतं.

उडवाले काही लागत नाही. उडवाच्या पहिले लागते.

---

गावठाण_मोजणी | ११ जानेवारी, सायंकाळी ६:५०

सखीताई, "उडवाच्या पहिले लागते" हे वाक्य आमच्या ऑफिसात भिंतीवर लावायला हवं. मी मोजणीच्या कामात आहे. स्वामित्व योजनेत (एप्रिल २०२० पासून) गावठाणांचं ड्रोनने सर्वेक्षण झालं. सर्व्हे ऑफ इंडियाचे लोक ड्रोन उडवायचे, अचूकता पाच सेंटीमीटरपर्यंत. उड्डाण पाऊण तासाचं, पण त्याआधीची तयारी कित्येक दिवसांची.

ड्रोनला घर दिसतं, मालक दिसत नाही. म्हणून आधी गावात दवंडी द्यायची, ग्रामसभा घ्यायची. मग प्रत्येकाने आपापल्या जागेची हद्द पांढऱ्या चुन्याने आखायची. ग्रामसेवक, भूमी अभिलेखचा माणूस आणि शेजारीपाजारी समोर उभे. वरून फोटोत ती चुन्याची रेघ येते आणि तिच्यावरून मिळकत पत्रिका तयार होते.

एका गावी दोन सख्ख्या भावांमध्ये गोठ्याच्या भिंतीवरून वाद होता. ड्रोन यायच्या आदल्या रात्री एकाने रेघ हातभर सरकवली. सकाळी म्हाताऱ्या शेजारणीने सांगितलं, "काल चुना इथं होता." आम्ही उड्डाण थांबवलं आणि दोघांना समोर बसवून रेघ पुन्हा आखली. ड्रोन उडाला असता तर पाच सेंटीमीटरच्या अचूकतेने खोटं नोंदवलं गेलं असतं, आणि त्या कागदावर पुढच्या दोन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

---

शून्य_मैल | ११ जानेवारी, रात्री ८:३०

गावठाण_मोजणी, हे उदाहरण माझ्या प्रोजेक्ट गाइडना दाखवणार आहे. आम्ही सगळा वेळ मॉडेलची अचूकता वाढवण्यात घालवतो. रेघच सरकवलेली असेल तर अचूकतेचा उपयोग नाही, हे डोक्यात नव्हतं.

तरी एक शंका राहतेच. शेतात थांबून हाका मारता येतात. युद्धात शत्रू सिग्नल जाम करतो. संपर्क तुटला की माणूस कुठेही बसलेला असो, त्याचा हात पोचत नाही. युक्रेनमध्ये हेच होतंय. जॅमिंग टाळायला काही ड्रोन मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जातात, किलोमीटरच्या किलोमीटर. दुसरा उपाय म्हणजे शेवटच्या टप्प्यात लक्ष्य धरून ठेवायचं काम ड्रोनवरच्याच संगणकाकडे देणं. तिथे "थांबवणं" कुठे बसवायचं?

---

अमरावती_रोड | ११ जानेवारी, रात्री १०:१०

शून्य_मैल, याचं एक उत्तर आपल्या नागपुरातच आहे. मी कुठल्या कंपनीत नाही, संरक्षण विषयाचा नाद आहे इतकंच.

नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज समूहातल्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जने बनवलेलं नागास्त्र-१. घिरट्या घालून लक्ष्य दिसलं की त्यावर झेपावणारं शस्त्र, ज्याला लोक आत्मघाती ड्रोन म्हणतात. सैन्याने ४८० मागवली, पहिली १२० जून २०२४ मध्ये दिली गेली. वजन साधारण ९ किलो, जवान पाठीवर नेऊ शकतो. स्फोटक १ किलोचं.

आता हे दोन आकडे बघा. स्वयंचलित पद्धतीने पल्ला ३० किलोमीटर. माणसाच्या थेट नियंत्रणात १५ किलोमीटर. म्हणजे माणसाचा हात जिथपर्यंत पोचतो ते अंतर यंत्राच्या आवाक्याच्या निम्मं आहे. तुमचा प्रश्न बरोबर या पंधरा आणि तीसच्या मधे उभा आहे.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सोय वेगळीच आहे. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द केली, तर ते पॅराशूटने खाली उतरतं आणि पुन्हा वापरता येतं. शस्त्राचं वर्णन करताना लोक स्फोटकावर बोलतात, मला त्या पॅराशूटचं मोल जास्त वाटतं. "नको" म्हणायची जागा यंत्रातच शिवून ठेवलेली आहे. तोफेचा गोळा एकदा सुटला की सुटला. इथे हवेत असताना विचार बदलता येतो, आणि विचार बदलायला माणूस लागतो.

मार्च २०२५ च्या शेवटी पंतप्रधानांनी इथे मानवरहित विमानांसाठी १२५० मीटरच्या धावपट्टीचं आणि अशा शस्त्रांच्या चाचणीच्या सोयीचं उद्घाटन केलं. म्हणजे हे काम आपल्या गावात वाढणार आहे. आपल्या इथली पोरं त्यात नोकरीला जाणार आहेत. त्यामुळे हा धागा मला फार जवळचा वाटतो.

---

लॉनवाला_फोटो | ११ जानेवारी, रात्री ११:२०

थोडं विषयाच्या कडेचं लिहितो. मी लग्नाचं ड्रोन शूटिंग करतो. वर्धा रोडवरच्या लॉनवर बोलावतात आणि म्हणतात, "वरातीवर उडवा." सोनेगाव विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत रेड झोन, ५ ते ८ मध्ये जमिनीपासूनच यलो (परवानगी लागते), ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक. नकाशा उघडला की त्या रस्त्यावरची बरीच लॉन्स परवानगीशिवाय बादच होतात. मी नाही म्हणतो, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, तो उडवतो.

या आठवड्यात संक्रांत आहे. महाल, इतवारीवर आकाश पतंगांनी भरलेलं असेल. नायलॉन मांजा बंद आहे म्हणतात तरी मिळतोच. ड्रोनच्या पात्यात गुंतला तर ड्रोन दगडासारखा पडतो, खाली गच्चीवर पोरं. अ‍ॅप म्हणेल "उड्डाण शक्य". मांजा अ‍ॅपला दिसत नाही. १२ ते १६ तारखेपर्यंत मी एकही काम घेतलेलं नाही.

---

अ‍ॅडव्होकेट_धरमपेठ | १२ जानेवारी, सकाळी ७:४५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. कायद्याच्या बाजूने थोडं.

आपले ड्रोन नियम २०२१ चे आहेत. ते जबाबदारी माणसावर ठेवतात, यंत्रावर नाही. २५० ग्रॅमच्या आतला नॅनो आणि बिनव्यावसायिक कामासाठीचा २ किलोपर्यंतचा मायक्रो सोडला तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. वय १८ ते ६५, दहावी पास, मुदत १० वर्षं. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना तृतीय पक्ष विमा. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड. ड्रोन आपोआप पट्टे मारत होता हा काटोल_पट्टा यांचा बचाव होऊ शकला नसता. सर्टिफिकेट त्यांच्या नावावर आहे.

युद्धाच्या कायद्यात "थांबवणं" शब्दशः लिहिलेलं आहे. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेला पहिला प्रोटोकॉल, कलम ५७. लक्ष्य लष्करी नाही असं दिसून आलं तर हल्ला रद्द किंवा स्थगित केला पाहिजे. भारताने तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. पण अंगणात मूल दिसलं तर थांब, हे तत्त्व कुठल्याही शिस्तीच्या सैन्याला नवं नाही.

आपोआप मारणाऱ्या शस्त्रांवर २२ डिसेंबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. १५२ देश बाजूने, ४ विरोधात. त्या चारांत भारत होता. भारताचं म्हणणं असं की ही चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली आधीच चालू आहे, तीच योग्य जागा. युक्तिवाद समजण्यासारखा आहे. तरी माझं मत सांगते: ज्या देशातलं एक शहर ही शस्त्रं बनवतं, त्या देशाने माणसाच्या हक्काची रेघ स्वतः पुढे होऊन आखायला हवी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं धोरणही (२०१२ चं, २०२३ मध्ये सुधारलेलं) बळाच्या वापरावर माणसाच्या निर्णयाची "योग्य पातळी" हवी इतकंच म्हणतं. योग्य म्हणजे किती, हे उघडंच ठेवलंय.

---

निवृत्त_तोफची | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

वकीलताई, मतदानाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मे २०२५ मध्ये ८-९ तारखेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३००-४०० ड्रोन पाठवले होते, हे आपल्या लष्कराने पत्रकार परिषदेत सांगितलं. अशा झुंडीला प्रत्येक ड्रोनमागे एक माणूस बसवून अडवता येत नाही. येणाऱ्या यंत्रावर यंत्राने गोळी चालवावी, मला त्यात गैर वाटत नाही. माझी रेघ दुसरीकडे आहे. समोर माणूस असण्याची शक्यता आहे तिथे माणसाने ठरवावं.

---

रात्रपाळी_मेडिकल | १२ जानेवारी, दुपारी २:००

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. ड्रोनचं काही कळत नाही, पण मॉनिटर आणि माणूस यांचं नातं बावीस वर्षं जगतेय.

रात्रभर अलार्म वाजत असतात. बहुतेक खोटे, वायर निसटलेली, पेशंट कुशीवर वळलेला. पहाटे चारच्या सुमाराला हात आपोआप बटण दाबून अलार्म बंद करतो. तेव्हा मी खाटेपाशी असते, डोळे उघडे असतात, हक्कही असतो. फक्त थकलेली असते. तोफची काकांच्या तिन्हींत हे चौथं घाला. नेवाडातल्या त्या लोकांवर अमेरिकी हवाई दलाने स्वतः अभ्यास करवले, त्यांतही ताणाची मोठी कारणं निघाली ती लांबलेले तास, बदलत्या पाळ्या आणि अपुरी माणसं. शिवाय वैमानिक बॉम्ब टाकून निघून जातो. यांना त्यानंतरही त्याच जागेवर कॅमेरा धरून खालचं बघत बसावं लागतं. मग पाळी संपते, गाडी काढून घरी जायचं, मुलांना जेवायला वाढायचं.

थांबवण्याचं काम माणसाला द्यायचं असेल तर त्याला झोपू द्या, शेजारी दुसरा माणूस द्या. दादांना तरी चप्पल कुठे दिसली? ती शेजारच्या पोराला दिसली.

---

शून्य_मैल | १२ जानेवारी, दुपारी ४:४०

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून मी माझ्या पहिल्या प्रतिसादातली एक गोष्ट मागे घेतो. कॅमेरा दमत नाही हे खरं, पण त्याचा अलार्म ऐकणारा दमतो. चांगला कॅमेरा लावून शेजारचा पोरगा काढून टाकला, तर आपण एक डोळा वाढवून दुसरा फोडला.

उष्णतेचा कॅमेरा हवाच, यावर मात्र मी ठाम आहे. दादा, तुरीत बसलेली नात पोराला दिसली नव्हती, चप्पल दिसली होती. त्या दिवशी आजी अनवाणी आल्या असत्या तर?

---

काटोल_पट्टा | १३ जानेवारी, रात्री १०:३०

शून्य_मैल, तुमच्या या प्रश्नाने काल रात्री झोप लागली नाही. अनवाणी आल्या असत्या तर आम्हाला कळलं नसतं. हे मान्य करायलाच हवं. उष्णतेच्या कॅमेऱ्याची किंमत विचारली, सध्या झेपण्यासारखी नाही. दोघा-तिघा व्यावसायिकांत मिळून एक घेता येईल का ते बघतोय. भाच्यालाही हा धागा वाचायला दिला. त्याला म्हटलं, तू कॅमेरा शिकव, मी चप्पल शिकवतो.

तोवर जे हातात आहे ते केलं. आज माझ्या कामाच्या करारपत्रात तीन गोष्टी लिहून घेतल्या. एक, पायलट किंवा मदतनीस, दोघांपैकी कोणीही "थांबा" म्हटलं तर ड्रोन थांबेल, कारण नंतर विचारायचं. दोन, त्या थांबण्याचे पैसे कापले जाणार नाहीत. तीन, सखीताईंची चक्कर: उड्डाणाआधी वावराभोवती एक फेरी आणि शेजारच्या वावरात विचारपूस, त्याचा अर्धा तास कामाच्या वेळेत धरला जाईल.

आज दुपारी एका गिऱ्हाइकाला ते दाखवलं. त्यांनी दुसऱ्या अटीवर बोट ठेवलं. म्हणाले, असं असेल तर तुमची माणसं उगाच दहादा थांबवतील. मी म्हटलं, थांबवू द्या. ते विचार करून कळवतो म्हणालेत. अजून फोन आलेला नाही.

पोराचा पगारही वाढवला. त्याला विचारलं, तुला चप्पल दिसली कशी? म्हणाला, "माही आई बी अशीच ठेवते."

---

सखी_हिंगणा | १३ जानेवारी, रात्री १०:५५

दादा, तो कागद मले बी पाठवा. आमच्या गटाच्या बैठकीत शुक्रवारी वाचून दाखवतो. दुसरी अट लय कामाची हाय, तीच पहिले टाका.